कोष होईपर्यंत

“आधी पाय,” असं म्हणत दुंडम्मानं तुतीचा भारा डोक्यावरून खाली टाकला आणि ती दारात आडवी उभी राहिली.

सिद्दराजूनं उंबऱ्यापाशी पाय बुडवायला ठेवलेल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या तपकिरी बुटांकडे पाहिलं. बूट काढायचे तर वाकायला हवं, आणि वाकायचं तर इस्त्रीच्या पँटला चुण्या पडणार. तो बाहेरच थांबला.

“इथूनच बोलतो, अत्तिगे.”

थोरल्या भावाची बायको म्हणून तो तिला अत्तिगे म्हणे. शब्द मानाचा होता, पण त्याच्या तोंडून आला की दाताखाली खडा आल्यासारखं तिला होई.

“बोल. मोठ्यानं बोल. आत रेशमाच्या किड्यांनाही ऐकू जाऊ दे.”

“उद्या बंगळूरहून पाहणीला लोक येणार आहेत. सरकारी मदतीतून बांधलेल्या शेड्स बघायला. रेशीम खात्याच्या बसवराजू सरांनी स्वतः फोन केला. सगळ्या तालुक्यातनं आपली शेड निवडलीय.”

“आपली,” दुंडम्मा म्हणाली. तिनं तो शब्द चूळ टाकावी तसा टाकला. “तुझ्या शेडमध्ये फरशीवाल्याचा माल आहे ना? मग फरश्यांना पाला घाल आणि दाखव.”

“फरश्या कालच बाहेर काढल्या. चुना मारून घेतला. सगळं तयार आहे. फक्त किडे नाहीत.”

“फक्त!”

तिला हसू फुटलं, पण ते चेहऱ्यावर पोचलं नाही. नाव दुंडम्मा असलं तरी ती वाळल्या काटकीसारखी होती आणि हसली की आणखीच कडक दिसे. सिद्दराजू पुढं काय बोलणार हे तिला कळलं होतं. तरी त्याला ते तोंडानं मागायला लावायचं म्हणून ती गप्प उभी राहिली.

“एका दिवसापुरते तुमचे किडे तिकडं न्यायचे. संध्याकाळी परत.”

“आणि ते लोक गेले की तू त्यांना परत आणणार? डोक्यावर तट्ट्या घेऊन? ह्या बुटांत?”

आतून मरिस्वामी बाहेर आला. हाताला तुतीचा चीक लागला होता, तो लुंगीला पुसत होता. त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं नाही.

“ने,” तो म्हणाला.

एवढं बोलून तो पुन्हा आत गेला आणि वाकून पाला पसरू लागला.

हा माणूस जन्मात बोलला तो असाच, नेमका नको तिथं. दुंडम्माला नवऱ्याचा राग येत नसे. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं. तिला त्याची कीव येई, आणि कीव करून करून ती आता आंबली होती. शेडची योजना आली तेव्हा जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर होती. एका कुटुंबाला एकच शेड, असं रेशीम खात्यानं सांगितलं. जन्मात तुतीचं पान न तोडलेल्या सिद्दराजूनं पांढरा शर्ट घातला, कनकपुरात चकरा मारल्या, आणि कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचं नाव लावलं. मरिस्वामीची संमती लागत होती. सिद्दराजूनं कागद पुढं केला, मरिस्वामीनं सही केली. “वाचलंत तरी का?” असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माझाच भाऊ आहे.” त्या दिवसानंतर तिनं त्याला कशातच विचारायचं सोडून दिलं. बी कुठलं आणायचं, कोष बाजारात कधी न्यायचे, पाहुण्यांना काय सांगायचं, सगळं तीच बोलायची. तो मान हलवायचा.

शेड झाली तुतीच्या मळ्याकडेला, उंच, हवेशीर. भिंतीवर सिद्दराजूचं नाव निळ्या अक्षरांत. एकही पीक न घेता त्यानं ती फरशीवाल्याला भाड्यानं दिली. आणि दुंडम्माचे किडे पत्र्याच्या छपराखाली, माणसं झोपत त्याच खोलीत वाढत राहिले. मागचं पीक उन्हानं गेलं होतं. शेवटच्या आठवड्यात किडे काळे पडून लिबलिबीत झाले, ते टोपल्यांनी खड्ड्यात ओतताना तिनं ठरवलं होतं की पुढचंही गेलं तर तुती उपटायची आणि बंगळूरला लेकीकडे जायचं. लेक कपड्यांच्या कारखान्यात होती. तिच्या एका खोलीत जाऊन तिच्या सासूच्या नजरेखाली नाचणीच्या पिठाचे मुद्दे वळायचे. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटे. पण ठरवलं होतं.

दुपारी तट्ट्या निघाल्या. सिद्दराजूनं दोन गडी पाठवले, स्वतः मोटारसायकलवरून पुढं गेला. बांबूच्या गोल तट्ट्यांत पांढरे, बोटाएवढे किडे पाला कुरतडत होते. वाटेत वडाखाली बसलेल्या म्हातारीनं हाक मारली.

“दुंडम्मा, वरात कुणाची गं?”

“सरकारी सोयरीक आहे. मुलगी आमची, मांडव त्यांचा.”

“आणि नवरदेव?”

“नवरदेवाला अजून पान कुठलं आणि देठ कुठला ते कळत नाही. बाकी स्थळ उत्तम.”

म्हातारी खदखदून हसली. मरिस्वामी मागून चालत होता. तोही हसल्यासारखं दुंडम्माला वाटलं. स्वतःच्याच अब्रूवर हसणारा माणूस, ती मनात म्हणाली.

शेड बांधल्यापासून तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. आता टाकलं, आणि पहिली गोष्ट कळली ती गारव्याची. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत छताखालच्या जाळीतून वारा येऊन दुसऱ्या जाळीनं जात होता. रॅकवर किडे ऐसपैस पसरले. घरी ते एकमेकांच्या अंगावर चढायचे; इथं प्रत्येकाला जागा होती. ती एका खांबाला हात लावून उभी राहिली. कुणी पाहतंय का, हे तिनं आधी बघून घेतलं होतं. मग सिद्दराजूची बायको पवित्रा ताकाचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “बरं आहे ना अक्का आत?”

“चुन्याचा वास येतो,” दुंडम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. शामियाना उन्हात तापला, शहाळी तापली, हारातली शेवंती मान टाकून बसली. दिवस उतरणीला लागल्यावर बसवराजूचा फोन आला की पाहणीला येणाऱ्या मॅडम रामनगरातच अडकल्या, उद्या सकाळी नक्की. बसवराजू हा खात्याचा तालुक्यातला माणूस, निवृत्तीला टेकलेला. दुसऱ्याच्या चुकीची माफी मागून मागून त्याचा आवाज कायमचा खाली गेला होता.

“चला, तट्ट्या उचला,” दुंडम्मा म्हणाली.

“राहू देत,” मरिस्वामी म्हणाला. “आता सारखं हलवायला नको.”

“का? भावाची शोभा कमी होईल?”

त्यानं कोपऱ्यातलं पोतं झटकलं आणि खाली अंथरलं. म्हणजे हा इथं राखणीलाही झोपणार. ती घरी गेली आणि त्याच्यासाठी नाचणीचा मुद्दा तिनं पवित्राच्या हातून पाठवला. स्वतः नेला नाही.

सकाळी ती आली तेव्हा शेडच्या मागच्या भिंतीला घरच्या साऱ्या चंद्रिका उभ्या केलेल्या. बांबूच्या, गोल गोल वळणांच्या, ज्यावर पिकलेले किडे कोष विणतात त्या. म्हणजे पहाटेच उठून यानं त्या ओढून आणल्या होत्या. नुसते किडे दाखवून भागलं नाही. शोभेला चंद्रिकाही हव्यात. देवानं हमालाचं अंग दिलं होतं त्याला, आणि मनही हमालाचंच.

मग तिनं किड्यांकडे पाहिलं. वरच्या रॅकवर काही किडे पाला सोडून मान वर काढून डोलत होते. अंग आखडलेलं, कातडीतून उजेड दिसावा असं पिवळसर झालेलं. पिकायला लागले होते. संध्याकाळपर्यंत सगळे पिकणार. आत्ता नेले तर नेले, नाहीतर वाटेतच धागा सुटून पीक मातीत.

“अहो!” ती ओरडली. तेवढ्यात रस्त्यावर गाड्या वाजल्या.

बंगळूरच्या मॅडमचं नाव सरोजिनी. पांढरे केस आखूड कापलेले, पायांत साध्या चपला. दारातल्या पाण्यात त्यांनी न सांगता पाय बुडवले. त्यांच्या मागून सिद्दराजूनंही बुडवले. आज तो अनवाणी आला होता. तो बोलत सुटला. सरकारच्या आधारामुळं आपण कसे उभे राहिलो, पहाटे उठून पाला कसा घालतो, हे किडे म्हणजे आपली लेकरं. दुंडम्मा भिंतीला टेकून ऐकत होती. लेकरांचा बाप लेकरांपासून हातभर लांब उभा होता.

मॅडमनी एक किडा अलगद उचलून उजेडाकडे धरला. मग खाली पाहिलं. जमिनीवर फरश्यांच्या पेट्यांचे चौकोनी डाग चुन्यातूनही दिसत होते. मग त्यांनी दुंडम्माची हिरवी-काळी पडलेली बोटं पाहिली. सिद्दराजूची पाहिली. किडा परत पाल्यावर ठेवला.

“छान,” त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

ही तर सगळ्यांहून वाईट, दुंडम्माला वाटलं. मूर्ख असती तर सोडून दिलं असतं. हिला कळलं, आणि कळूनही हिनं ‘छान’ लिहिलं. रात्रभर तिनं एक वाक्य घोळवलं होतं, हे किडे माझे आहेत, ह्या शेडमध्ये आजवर फरश्यांनीच अंडी घातली. आता ते वाक्य ओठावर आलं.

“मॅडम,” कुणीतरी म्हणालं.

तो मरिस्वामीचा आवाज होता. तो पुढं आला होता आणि वर खोचलेली लुंगी खाली सोडून, हात जोडून उभा होता.

“मॅडम, हे पिकलेत. आता हलवले तर चालेल का?”

दारातले गडी फिसकन हसले. लहान पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि जन्म ह्यात घातलेला माणूस सगळ्या गावासमोर, अधिकाऱ्यांसमोर विचारत होता! दुंडम्माचे कान तापले. जमीन दुभंगली असती तर ती खुशाल आत गेली असती. तिचं वाक्य जिभेवरच विरून गेलं.

“अण्णा साधा माणूस आहे,” सिद्दराजू हसत म्हणाला. “त्याचं मनावर घेऊ नका.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

“हलवले म्हणजे? कुठून कुठं?”

“इथून घरी,” मरिस्वामी म्हणाला.

सिद्दराजूचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग मरिस्वामीकडे बराच वेळ पाहिलं. पेन बंद केलं.

“बसवराजू,” त्या म्हणाल्या, “कोष होईपर्यंत इथला एकही किडा बाहेर जाता कामा नये. पीक निघालं की मला फोटो पाठवा. त्याच्या पुढच्या पिकाचाही पाठवा. शेडमध्ये पीक दिसलं नाही, तर दिलेली मदत परत घ्यायची वेळ येईल, हे मालकांना समजावून सांगा.”

“होय मॅडम,” बसवराजू म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज जरा वर आल्यासारखा वाटला.

गाड्या गेल्या. धूळ बसायच्या आत सिद्दराजू भावावर धावून आला.

“अण्णा, तुला डोकं आहे का? दुपारी फरशीवाल्याचा ट्रक येतोय! माल मी रस्त्यावर ठेवू?”

“मॅडम म्हणाल्या ना,” मरिस्वामी म्हणाला.

“तू विचारलंस म्हणून म्हणाल्या!”

“मग काय,” मरिस्वामी म्हणाला, “विचारायला नको?”

तो मागच्या भिंतीकडे गेला, चंद्रिका एकेक करून आत आणून मांडू लागला. सिद्दराजू फोन कानाला लावून दूर, तुतीच्या बांधावर गेला. तिथून त्याचा अजिजीचा आवाज येत राहिला.

दुंडम्मा पिकलेले किडे वेचून चंद्रिकेवर सोडू लागली. शेजारी नवरा वेचत होता. वळणावळणांत किडे जागा शोधत होते, डोकं हलवत पहिला विसविशीत धागा टाकत होते. मग तिच्यानं राहवेना.

“चंद्रिका पहाटेच कशाला आणल्या होत्या?”

“लागल्या ना आता.”

“ते आत्ता कळलं. पहाटे काय कळलं होतं तुम्हाला?”

“पहाटे अंधार होता,” मरिस्वामी म्हणाला आणि दुसरा किडा उचलला.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. संसारभर ते तोंड तिनं पाहिलं होतं आणि कोरी भिंत समजून सोडून दिलं होतं. आताही त्यावर काही नव्हतं. कपाळावर घाम, भुवईत चुन्याचा एक ठिपका. हा माणूस खुळा होता की नव्हता, हे तिला काही केल्या ठरवता येईना, आणि त्यानंच तिला जास्त चीड आली. आतापर्यंत किती वेळा तिनं असंच न बघता ठरवून टाकलं होतं, हा हिशोब मनात सुरू होतोय असं दिसल्यावर तिनं तो थांबवला. हातातला किडा जरा जोरात दाबला गेला होता. तिनं तो हळूच खाली ठेवला. तो चालू लागला तेव्हा तिनं दुसरा उचलला.

ऊन कलल्यावर सिद्दराजू परत आला. दारातच थांबला. पांढऱ्या शर्टवर काखेत घामाचे डाग होते. ट्रक आला होता, माल चिंचेखाली ताडपत्री घालून उतरवला होता, फरशीवाला शिव्या घालून गेला होता.

“हे पीक घ्या इथं,” तो म्हणाला. “झालं ते झालं. पण पुढचं काय? पुढचं पीक कुठं घेणार, ते आत्ताच ठरवा.”

दुंडम्माकडे उत्तरांची कमी नव्हती. एक जिभेवर होतं, त्यामागं दुसरं, आणि त्यामागचं तर इतकं जहरी होतं की ते ऐकून सिद्दराजूनं महिनाभर तोंड दाखवलं नसतं. तिनं तोंड उघडलं.

मग ते मिटलं. पदरानं हात पुसले, पुढची चंद्रिका मांडीवर ओढली, आणि मान वर करून नवरा काय बोलतो त्याची वाट पाहू लागली.