आपल्यातलं कुणी नसलेला किनारा

मी डॉक्टर माधव करंदीकरांची सायकल. खरं तर फार आधीच बोलायला हवं होतं, पण शेडमध्ये ऐकणार कोण?

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात नवी नोकरी लागली तेव्हा तरुण डॉक्टरांनी मला सेकंडहँड घेतलं. माझा रंग हिरवा, अंग पोलादी. पाऊस असो की बर्फ, हॉस्पिटलची ड्यूटी त्यांनी माझ्यावरूनच गाठली. पुढे लंडनच्या हॅरो भागात घर झालं, गाडी आली आणि मी बागेतल्या शेडमध्ये गेले. माणसं वस्तू वापरतही नाहीत आणि टाकतही नाहीत, ही सवय मला कधी कळली नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या मुलीनं, आर्यानं, मला जुन्या वस्तू घेणाऱ्या चॅरिटी शॉपला द्यायला बाहेर काढलं. डॉक्टर मागच्या दारात उभे होते. उभे कसले, अडकले होते. पार्किन्सन्समुळे त्यांचे पाय जमिनीला चिकटून बसत. आर्यानं आधाराला मला पुढे केलं. त्यांनी हँडल धरलं, तिच्या खांद्यावर रेलून पाय टाकला आणि पायडल मारलं. धड तीन पावलं टाकू न शकणारा माणूस गल्लीच्या टोकापर्यंत गेला! ते पाय चालणं विसरले होते, मला विसरले नव्हते.

टोकाला ओळखीची गाडी दिसली आणि ते घाईनं मागे वळले.

"आपल्यातलं कुणी बघेल."

"सो व्हॉट, बाबा? दोन वर्षं महाराष्ट्र मंडळात जात नाही, कुणाचा फोन घेत नाही. आजार लपवू नका म्हणून पेशंट्सना लेक्चर कोण द्यायचं?"

"तुला नाही कळायचं."

"फाइन! मग आपल्यातलं कुणी नाही तिथे जाऊ."

सप्टेंबरात मला गाडीच्या मागे बांधून त्यांनी इटलीचा समुद्र गाठला. लिगुरियाच्या किनाऱ्यावर जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलरस्ता झालाय, चढ नाही की मोटारी नाहीत. एका हाताला निळं पाणी, दुसऱ्या हाताला भिंतींवरून डोकावणारी लिंबं. मधूनच गार बोगदे. बाहेर आलं की उजेडानं डोळे दिपत. डॉक्टर माझ्यावर ताठ बसत आणि अनोळखी लोकांना हात करत. मागून भाड्याच्या सायकलवर आर्या. 'सावकाश' म्हणून ओरडायचंही ती विसरली होती.

चौथ्या दिवशी एका बाकावरून हाक आली, "अगंबाई, डॉक्टर करंदीकर!"

हॅरोच्या मंडळातल्या मीनाक्षीताई. सहलीला आलेल्या.

डॉक्टरांची बोटं ब्रेकवर गेली. नुसता हात करून पुढे गेले असते, तर आजार झाकलेला राहिला असता. खरं सांगते, मलाही पळावंसं वाटलं. पण ते थांबले. उतरले. आणि पाय तिथेच रुतले.

"ताई, मला पार्किन्सन्स आहे. चालता येत नाही. सायकल चालवता येते."

उठून पुढे आलेल्या मीनाक्षीताई पुन्हा बाकावर बसल्याच. "आणि आम्ही म्हणायचो, डॉक्टर शिष्ट झाले. गणपतीच्या आमंत्रणातून तुमचं नाव मीच काढायला लावलं हो!"

"मीही तेच केलं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता.

परत निघताना ताईंनी माझं सीट दोन्ही हातांनी धरलं आणि पोराला शिकवावं तशा मागे धावू लागल्या.

"हळू! पडाल हो!" ताई धापा टाकत म्हणाल्या.

"काकू, सोडा आता!" आर्या ओरडली. पण तिचा आवाज रडवेला होता.

या हिवाळ्यात डॉक्टरांना माझ्यावर तोलही सांभाळता येईना. आता मी दिवाणखान्यात स्टँडवर पक्की बसवलेली आहे. माझी चाकं जमिनीला टेकत नाहीत. पडदे उघडे ठेवून ते रोज अर्धा तास पायडल मारतात. मंडळाची माणसं समोर बसून चहा पितात आणि न विचारलेले सल्ले देतात. आर्या चिडते. डॉक्टर ऐकून घेतात. तो समुद्र मला पुन्हा दिसायचा नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमच्या ओळखीचं कुणी फोन घेईनासं झालं असेल, तर त्याला शिष्ट ठरवून मोकळे होऊ नका. जा, घंटी वाजवा. आणि लगेच परत फिरू नका. दारापर्यंत यायला त्या माणसाला वेळ लागत असेल.