खिरापतीवरून कॅचर

आमच्या वेगवती महिला बेसबॉल मंडळाची कॅचर, म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू झेलणारी, नम्रता लग्न करून कॅनडाला गेली आणि जाताना मंडळाचा चांगला ग्लोव्हही घेऊन गेली. ग्लोव्हचं एक वेळ ठीक, दुसरा घेता येतो. कॅचर कुठून आणायची? जानेवारीत राज्य स्पर्धा होती. मोठ्या संघात ही एकच जागा रिकामी होती आणि ती खालच्या संघातल्या मुलींमधूनच भरायची होती.

मोसम संपलेला. मैदानावर नवरात्राचा मांडव पडलेला, आणि चेंडू टाकणारी पिचर जिथे उभी राहते त्या उंचवट्यावर जनरेटर ठेवलेला. मुलींना खेळवून पाहणं शक्यच नव्हतं. पण त्याने आमचं काही अडलं नाही, कारण आमच्या मंडळात कॅचर मैदानावर निवडतच नाहीत. ती भोंडल्यात निवडतात.

ही रीत आमच्या आनंदीबाईंनी १९६९ साली घालून दिली. आनंदीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि संध्याकाळी आम्हाला बेसबॉल. दोन्ही विषय त्यांनी पुस्तकातूनच शिकले होते. भोंडल्याचा फेर झाला की शेवटी खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून सांगायचं. आनंदीबाई म्हणायच्या, "डबा न उघडता जिला आतलं कळतं, तिला चेंडू कुठे येणार हे तो यायच्या आधी कळतं." आम्ही सहा जणी तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होतो. आम्हाला ते इतकं पटलं की पंचावन्न वर्षांत कोणी शंका काढलेली नाही. या पद्धतीने मंडळाला अकरा कॅचर मिळाल्या. चार उत्तम निघाल्या, दोघींनी बोटं मोडून घेतली, एकीने पंचाशी लग्न केलं, आणि उरलेल्या चौघी खेळायला साधारण होत्या, पण चकल्या छान करायच्या.

निवड समितीत आम्ही तिघं. मी, मंदाकिनी आणि आमचे प्रशिक्षक श्रीनिवास. मंदाकिनी ही त्या पहिल्या सहा जणींतली. १९७१ साली नागपूरला तिने अगदी सोपा झेल सोडला. मी ते विसरलेली नाही. ती म्हणते ऊन डोळ्यांवर आलं होतं. त्या दिवशी ढग होते.

भोंडला विश्रांतवाडीला श्रीनिवासांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठरला. मंदाकिनी शनिवार पेठेतून रिक्षाने आली, मांडीवर स्टीलचा डबा आणि शेजारी नात अवनी. अवनी दोन उमेदवारांपैकी एक.

"मी मत देणार नाही हं, दुर्गे," रिक्षातून उतरता उतरताच तिने मला सांगितलं. "नात आहे ना माझी. मी तोंडच उघडणार नाही."

"चालेल."

"फक्त एवढंच सांगते की घराण्यात खेळ आहे."

"नागपूरला दिसला तो."

"ऊन होतं!"

दुसरी उमेदवार राजनंदिनी. राहायला वाघोलीत, घरचे मूळचे वाशीमचे. अठरा वर्षांची, खांद्याने भक्कम, आणि बोलायला लागली की आपण एक पाऊल मागे सरकावं अशी. तिच्याबरोबर तिचे वडील आले होते, संतोषराव. कंपनीतली पहिली पाळी करून तसेच आले होते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हा त्यांनी कप हातात धरून सरळ सांगितलं.

"बाई, मी साफ सांगतो. वाघोलीवरून दोन बस. यायला-जायला तीन तास. पोरीचं बारावीचं वर्ष हाये. मोठ्या संघात आली तर खेळंल. नाही आली तर दिवाळीपासून खेळ बंद. असं तिच्याशी बोलणं झालं."

मी राजनंदिनीकडे पाहिलं. ती बुटाची लेस बांधत होती. बांधलेलीच होती, पण ती पुन्हा बांधत होती.

पाटावर हत्तीचं चित्र मांडलं आणि मुलींनी फेर धरला. अवनीला सगळी गाणी पाठ. राजनंदिनीला एकही येत नव्हतं. "आमच्या गावी भुलाबाई असते, पण मी वाढले वाघोलीत," ती म्हणाली, "आमच्या सोसायटीत डीजे आणि दांडिया." तरी ती फेरात नेमाने फिरत होती आणि सगळ्यांच्या अर्धा क्षण उशिरा टाळी देत होती. श्रीनिवास स्टॉपवॉच घेऊन उभे होते.

"कशाची वेळ घेताय?" मी विचारलं.

"पायांची हालचाल बघतोय, दुर्गाताई. वहीत दोघी अगदी सारख्या आहेत. दुसऱ्या बेसला चेंडू फेकायला हिलाही दोन सेकंद, तिलाही दोन."

"मग वही मिटा आणि डबे आणा."

पहिला डबा माझा. मी हलवला. खडखड.

"लाडू," अवनी लगेच म्हणाली. "रव्याचे. बेसनाचे असते तर दबकत पडले असते. आठ-नऊ असतील."

नऊच होते. बघायला जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग राजनंदिनीने डबा हलवला, मान तिरपी करून ऐकलं, आणि म्हणाली, "खायचं काहीतरी आहे."

"वा!" मंदाकिनी म्हणाली. "आम्हाला वाटलं खिळे आणलेत."

दुसरा डबा श्रीनिवासांच्या घरचा. यात सरसर आवाज. राजनंदिनी म्हणाली, "मक्याचे पोहे?" अवनी म्हणाली, "भडंग. लसूण घातलाय."

"लसूण ऐकू येतो?" श्रीनिवासांनी विचारलं.

"वास येतो काका."

"वास घेऊ नये असं नियमात कुठे आहे?" मंदाकिनीने विचारलं. तोंड न उघडण्याचा तिचा निश्चय तोवर चाळीस मिनिटं जुना झाला होता.

भडंगच निघालं. दोन डबे झाले, दोन्ही अवनीचे. संतोषरावांनी कप खाली ठेवला आणि बसचं वेळापत्रक पाहायला मोबाईल काढला.

तिसरा डबा मंदाकिनीचा. मंदाकिनीच्या डब्याची आमच्यात ख्याती आहे. तो वाजत नाही. वड्या अशा ठासून भरते की भूकंप झाला तरी हलणार नाहीत. १९८३ साली तिच्या डब्यावर सात जणी हरल्या होत्या. अवनीने डबा घेतला, हलवला. काही आवाज नाही. पुन्हा हलवला. तिने आजीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ घेतला.

"नारळाच्या वड्या," ती शेवटी म्हणाली. "घट्ट बसवलेल्या. थरांमध्ये केळीचं पान."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने खवा-खोबऱ्याच्या असतील असं सुचवलं, दुसरी म्हणाली साटोऱ्या. या चर्चेत पाचएक मिनिटं गेली. मग डबा राजनंदिनीकडे आला. तिने एकदाच हलवला, तळहातावर तोलला आणि म्हणाली,

"रिकामा आहे."



"काय म्हणालीस?" मंदाकिनी.

"आजी, रिकामा आहे. आत काहीच नाही."

"अगं, तू कोणाचा डबा धरला आहेस ते कळतंय का? आमच्या घरातून रिकामा डबा बाहेर गेलेला नाही. माझ्या सासूबाईंच्या काळापासून!"

"आज गेला," राजनंदिनी म्हणाली. उद्धटपणे नाही. लिफ्ट बंद आहे हे सांगावं तसं.

मंदाकिनीने डबा ओढून घेतला आणि झाकण उघडलं. आत घासूनपुसून लखलखीत केलेलं बूड होतं आणि त्यात मंदाकिनीचाच चेहरा.

"दोन डबे होते," ती म्हणाली. "एकसारखे. भरलेला ओट्यावर राहिला."

कोणीतरी हसलं. ती मीच होते. पण मंदाकिनी लगेच सावरली. "तरी हिचं उत्तर धरता येणार नाही. खिरापत काय आहे हे सांगायचं असतं. रिकामा ही काही खिरापत नव्हे. आणि वड्या नारळाच्याच आहेत. घरी आहेत, पण आहेत. अवनी बरोबर."

"म्हणजे तुम्ही मत देताय, मंदाताई?" श्रीनिवासांनी विचारलं.

"मी नियम सांगतेय."

श्रीनिवासांनी वही उघडली, मिटली, आणि माझ्याकडे पाहिलं. अडचण आली की सगळे माझ्याकडेच पाहतात, कारण सगळ्यात जास्त मला आठवतं. मी अवनीला जवळ बोलावलं.

"खरं सांग. हातात घेतलास तेव्हा जड लागला?"

तिने ओठ चावला. "नाही आजी. हलकाच होता. मला कळलं होतं."

"मग?"

"माझ्या आजीचा डबा ना तो. एवढ्या सगळ्यांसमोर रिकामा कसं म्हणू?"

किती गुणी मुलगी. आजी म्हणून मी तिला पोटाशी धरली असती. पण मी पिचर होते. बाहत्तर साली साताऱ्याला तिसऱ्या डावात माझा हात थकून पार गेला होता. माझ्या कॅचरला ते दिसत होतं, पण मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती भिडेखातर गप्प बसली. त्या एका डावात चौदा धावा गेल्या. पिचरचा हात रिकामा झाला की तिच्या तोंडावर तसं सांगणारी मैदानात एकटी कॅचरच असते.

"माझं मत राजनंदिनीला," मी म्हणाले आणि कारण सांगितलं.

"माझंही," श्रीनिवास घाईने म्हणाले. त्यांना फक्त पहिलं व्हायचं नव्हतं.

मंदाकिनी माझ्याकडे वळली. "म्हणजे मी नातीला चांगलं वळण लावलं ही माझी चूक झाली?"

"कॅचरच्या दृष्टीने, हो."

"आजी, जाऊ दे ना," अवनी म्हणाली. "मला सेंटर फील्डच जास्त आवडतं. तिथे तुझं ओरडणं ऐकू येत नाही."

एवढं बोलल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मंदाकिनीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू मुलगी आताच्या आता बिघडली.

मी संतोषरावांकडे गेले. ते मोबाईल हातात धरून तसेच बसले होते. मी म्हणाले, "तुमची मुलगी मोठ्या संघाची कॅचर झाली. तुमचं बोलणं झालंय, आता ते पाळायचं."

"पाळतो ना. पण बाई, मले एक समजलं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "ही घरी रोज असंच बोलते. आईला म्हणते भाजीत मीठ नाही. मामाला म्हणते तुमचं गाणं बेसूर. माह्या साहेबाच्या तोंडावर म्हणाली, काका, तुमचा विग सरकला. आम्ही तिले किती रागावलो. आन् इथं त्याच्यासाठी जागा भेटते?"

"इथे भेटते."

त्यांनी मान हलवली, उठले, आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. राजनंदिनीचे डोळे भरून आले होते.

"चाल," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर रोज मीच आणून सोडीन तुले."

"नको बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला रस्ता कळत नाही. आज दोनदा भलत्याच बसमध्ये चढलो."

संतोषरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाहा," ते म्हणाले.