अकरा संगणकांचा दाखला

आमच्या परवाना कार्यालयाच्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणतात. माणूस शिस्तीचा. नवी वेबसाईट 'सर्वत्र चालते' असा दाखला देण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी अजिबात घाई केली नाही. कार्यालयात संगणक अकरा. प्रत्येकापुढे स्वतः बसून, नमुन्याचा अर्ज भरून, शेवटचं 'पाठवा' हे बटण दाबून त्यांनी अकरा रकान्यांत अकरा सह्या केल्या. शिपायाच्या खोलीतला संगणक सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेतो. तिथेही ते स्टुलावर बसून राहिले. दाखला काउंटरमागच्या भिंतीवर लागला.

गोची एवढीच, की अकराही संगणकांवर ब्राउझर एकच होता. जुना, कार्यालयात सुरुवातीपासून चालत आलेला. बाहेर लोकांनी तो केव्हाच टाकून दिला होता, पण बाहेर जाऊन बघा असं रकान्यात कुठे लिहिलं नव्हतं.

परवाना नूतनीकरणाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, भाऊसाहेबांची वहिनी काउंटरवर आली. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, दोन मशीन आणि एक आरसा. पाचच्या आत अर्ज गेला नाही तर परवाना संपणार आणि नवा मिळेपर्यंत चार महिने दुकानाला कुलूप. तिने मोबाईल पुढे केला.

"भावजी, सगळं भरलं. 'पाठवा' कुठंय?"

"खाली असेल. चष्मा लावलात का?"

"लावलाय. त्यातून भिंतीवरची तुमची सही दिसते, बटण दिसत नाही. शेजारणीच्या मोबाईलवर बघितलं, भाचीच्या लॅपटॉपवर बघितलं. तिथेही नाही."

भाऊसाहेबांनी मोबाईल आडवा केला, उभा केला, झटकूनही बघितला. मग उदारपणे म्हणाले, "या, माझ्या खुर्चीत बसा. इथून भरू."

तिथून भरला, बटणही दिसलं. दाबल्यावर लाल अक्षरं आली: कार्यालयीन संगणकावरून अर्ज स्वीकारला जाणार नाही. कर्मचाऱ्यांनी ओळखीपाळखीच्यांचे अर्ज भरू नयेत म्हणून दाखल्यानंतर, मागच्याच महिन्यात, तसा आदेश निघाला होता, आणि तो लागू करून घेण्यात भाऊसाहेबच पुढे होते. थोडक्यात, जिथे वेबसाईट चालत होती तिथून अर्ज करायला बंदी, आणि जिथून मुभा तिथे ती चालत नव्हती.

"वा," वहिनी म्हणाली. "घर बांधलंत, दारही ठेवलंत, फक्त आतल्या माणसांसाठी."

मागच्या खोलीत वेबसाईट सांभाळणारी बाई बसते. तिने मोबाईल हातात घेतला आणि एका मिनिटात सांगितलं, "बटण तुमच्या एकाच ब्राउझरच्या हिशेबाने बसवलंय. बाकीच्यांत ते पडद्याच्या बाहेर जातं. दहा मिनिटांचं काम."

"मग करा की."

"कशी करू? माझ्या फाईलीत तुमचा दाखला आहे, सर्वत्र चालते म्हणून. चालत्या वेबसाईटला हात लावायची मला परवानगी नाही. चालत नाही असं लिहून द्या, लगेच करते."

"मी अकरा ठिकाणी तपासलंय," भाऊसाहेब म्हणाले.

"भावजी, एकाच्या मापाचा सदरा शिवायचा, त्यालाच अकरा वेळा घालायला लावायचा आणि म्हणायचं, गावाला बसला. मी असं केलं तर गिऱ्हाईक कैची घेऊन मागे लागेल."

चार वाजून पाच मिनिटांनी भाऊसाहेबांनी कागद ओढला. पहिलं वाक्य झालं: 'काही प्रसंगी सदर बटण दृष्टीस पडण्यास किंचित विलंब संभवतो.' वहिनी खांद्यावरून वाचत होती.

"विलंब नाही, भावजी. दिसतच नाही."

दुसऱ्या कागदावर 'वापरकर्त्याच्या उपकरणातील मर्यादेमुळे' असं आलं. तिने घड्याळाकडे बघितलं. चार वीस. दुकानाच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात होती आणि ती अंगठ्याने किल्लीचे दात चाचपत होती. भाऊसाहेबांनी ते पाहिलं, कागद चुरगळला आणि तिसऱ्यावर लिहिलं: 'वेबसाईट सर्वत्र चालत नाही. मी एकाच ब्राउझरवर तपासली. दाखला चुकीचा आहे.' खाली सही. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा छोटा मजकूर त्यांनी कधी लिहिला नव्हता.

बाईने कागद फाईलीला लावला, मगच कीबोर्डला हात लावला. दहाची सतरा मिनिटं झाली. या सतरा मिनिटांत भाऊसाहेब तीनदा पाणी प्यायले आणि वहिनी एकदाही बसली नाही.

चार बेचाळीसला तिच्या मोबाईलवर बटण आलं. तिने दाबलं. पोचपावती आली. तिने ती दोनदा वाचली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

भाऊसाहेब हळूच म्हणाले, "वहिनी, दादाला यातलं काही सांगू नका."

"मी कशाला सांगू? तुम्ही लिहून दिलंय की."

ती निघाली. भाऊसाहेब उठून काउंटरवरच्या रांगेत गेले आणि पहिल्याच माणसाला म्हणाले, "तुमचा मोबाईल जरा द्या."

माणसाने मोबाईल खिशात खोल सरकवला. "का साहेब? मी काय केलंय?"

"तुम्ही नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मला बघायचंय, बटण दिसतंय का."