ही परात आमची नाही

मी परात बोलतेय. तांब्याची, कल्हईची, दोन कानांची. आजवर आगीत बसून गप्प राहिले, पण आता बोलणार. मला माणसांच्या तोंडाची शिसारी आलीय.

पोलिक्सेनीच्या बापानं, म्हातार्‍या तांबटानं, लेकीच्या लग्नासाठी मला घडवलं आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्या तळाला कोरलं. त्या माणसाचे हात तेवढे स्वच्छ होते. मग मी तिच्याबरोबर लिकूर्गोसच्या घरी आले आणि माझं नशीब फुटलं.

आमच्या बेटावर घरोघरी भट्टी नाही. रविवारी बायका चर्चला जाता जाता भरलेली परात आर्गीरिसच्या बेकरीत ठेवतात. पाव निघाले की त्याच धगीत आम्ही सगळ्या आत. प्रार्थना संपेपर्यंत भाजून तयार! लिंबू पिळलेली कोकराची मांडी, तेलात लोळणारे बटाटे, कधी कांद्याच्या चकत्यांवर निजवलेला मासा. ते दिवस मला आवडायचे, खोटं कशाला बोलू? सगळ्यांच्या पराती दिसायला सारख्याच; अदलाबदल होऊ नये म्हणून ज्याची त्याची खूण ठरलेली. कुणाचं अर्धं लिंबू, कुणाचं वांग्याचं देठ. आमची खूण म्हणजे मधोमध एक लांब हिरवी मिरची.

लिकूर्गोस चर्चचा कारभारी. ऑगस्टात पानायिया माउलीच्या, म्हणजे देवमातेच्या, सणाआधी चौदा दिवस कडक उपास असतो. मांस नाही, मासा नाही, दूध नाही; तेलसुद्धा फक्त शनिवार-रविवारी. त्या दिवसांत याच्या अंगात यायचं. बेकरीत जाऊन दुसर्‍यांच्या परातींत नाक खुपसायचा.

"काय गं, चरबीचा वास येतोय. देवाला फसवतेस काय?"

बायका बिचार्‍या मेल्याहून मेल्यासारख्या व्हायच्या.

आणि माझ्या पोटात काय असायचं? शी! सांगताना मळमळतं. तळाला बोकडाचे तुकडे, त्यावर वांगी, बटाटे आणि वर टोमॅटोचं पांघरूण.

"नीट झाक," तो पोलिक्सेनीला बजावायचा. "हाडूक दिसता कामा नये."

"अहो, उपास आहे हो."

"लोकांना दिसतो ना? झालं तर मग."

दुपारी दाराला कडी घालून हा माणूस माझ्यातून वरपायचा. कडेला चिकटलेलं पावानं पुसून घ्यायचा, मग त्याच बोटांनी छातीवर क्रूस काढायचा. बावीस वर्षं मी हे पाहिलं. ओकता आलं असतं तर ओकले असते.

आता मारिगोचं सांगते. ती विधवा. तिचा एकुलता एक स्ट्रातिस जहाजावर खलाशी. जानेवारीपासून त्याचं पत्र नव्हतं. त्याचं पत्र येईपर्यंत मांसाला शिवणार नाही, असा तिनं माउलीला नवस बोलला होता. बाई वाळून काडी झाली, पण ईस्टरच्या सणालासुद्धा तिनं कोकराचा तुकडा तोंडात घातला नाही.

उपासातल्या त्या रविवारी स्ट्रातिसचा वाढदिवस होता. त्याला भाजलेली मिरची फार आवडायची, म्हणून मारिगोनं वांगी-बटाट्यांच्या मधोमध एक मिरची ठेवली. झालं! भट्टीतून मिरचीवाल्या दोन पराती बाहेर आल्या. आर्गीरिस पाव द्यायला गेला होता. लिकूर्गोस चर्चमधून सुटल्या सुटल्या आला, समोर दिसली ती मिरची बघून मारिगोची परात उचलली आणि पसार. मागे मी राहिले. मारिगो मला घेऊन गेली.

तिनं पावाचा तुकडा बुडवला, घास घेतला. दुसरा घेतला. तिसर्‍याला दाताखाली हाड आलं.

त्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. तोंडात बोटं घालून तिनं सगळं बाहेर काढलं. "माझा पोरगा!" एवढंच ओरडली, आणि मला तशीच उचलून चौकात धावली. आपल्या घासापायी समुद्रात लेकरू गेलं, असंच तिच्या मनानं घेतलं होतं.

चौकात अजून माणसं होती. समोरून लिकूर्गोस घामाघूम होऊन बेकरीकडे धावत येत होता. मागे पोलिक्सेनी, हातात मारिगोची परात. तो का धावत होता ते मला ठाऊक. यानं नेलेल्या परातीत तळापर्यंत नुसती वांगी निघाली होती ना!

"कुणाची आहे ही?" मारिगो रडत विचारत होती. "माझा नवस कुणी मोडला?"

लिकूर्गोस सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, "ही परात आमची नाही. आमच्या घरी उपास कडक. तूच चोरून घातलं असशील, मारिगो. आता गाव कशाला गोळा करतेस?"

ज्या माणसानं बावीस वर्षं मला चाटलं, तो म्हणतो आमची नाही! आणि वर त्या गरीब विधवेवर आळ! तांब्याची असून मला लाज वाटली.

तेव्हा पोलिक्सेनी पुढे आली. मारिगोच्या हातातून तिनं मला घेतलं आणि सरळ उपडं केलं. बोकडाचा रस्सा कारभार्‍याच्या चकचकीत बुटांवर सांडला.

"हे अक्षर माझ्या बापानं कोरलंय," ती म्हणाली. "मांस माझ्या हातचं आहे, मारिगो. पाप आमचं. तुझा नवस मोडला नाही. नकळत खाल्लेलं माउली धरत नाही."

"खुळी झालीय ही!" लिकूर्गोस ओरडला. "सांगितलं ना, ती परात आमची नाही!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" पोलिक्सेनीनं मला मारिगोच्या हातात दिलं. "आमची नाही. म्हणजे आजपासून तुझी. पत्र आलं की हिच्यात कोकरू भाज, आणि मला बोलव."

लिकूर्गोसनं आता पत्र्याची परात आणलीय म्हणे, आणि सणाचं मटण तिच्यात करपलं. बरं झालं! मारिगोनं मला राख आणि लिंबानं तीनदा घासलं. मला अजून अंगाला तो वास येतो. ती म्हणते, येत नाही. टपालाची बोट आली की ती मला खाली काढते, पुसते, आणि बोट गेली की परत खुंटीला लावते.

माणसांनो, खायचं ते खा, पण खाल्लंत तर खाल्लं म्हणा. आणि स्ट्रातिस, असशील तिथून दोन ओळी टाक रे बाबा. ज्याचं खाणं बघून किळस येणार नाही, अशा माणसासाठी मला एकदा तरी तापायचंय.