सदाफुलीचे पराग

साक्षी मेश्रामला बारावीचं जीवशास्त्र तोंडपाठ होतं. मूत्रपिंडाची आकृती कुठल्या पानावर आहे आणि तिच्या कोणत्या बाजूला कोणती नावं लिहायची, हे ती भाकरी थापता थापता सांगू शके. प्रॅक्टिकलही तिला कधी जड गेलं नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, जे काही धूसर दिसेल त्याला मान डोलवायची आणि पुस्तकातली आकृती टोकदार पेन्सिलीने वहीत उतरवायची. नवेगाव बांधच्या त्या ज्युनिअर कॉलेजात सगळेच असं करत. साक्षीची आकृती तेवढी सगळ्यांत देखणी यायची.

तिची प्रॅक्टिकलची जोडीदार दिव्या उईके. जंगलाच्या कडेच्या एका टोल्यावरून, लहानशा वस्तीवरून, ती रोज सायकलीने यायची. वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. दिव्याला पाठांतर म्हणजे शिक्षा वाटे. चार ओळी पाठ केल्या की आधीच्या दोन निसटायच्या. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेलं ती जन्मात विसरत नसे.

२०१३ सालचा फेब्रुवारी होता. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आलेली. जीवशास्त्राचे कापगते सर भराभर एकेक प्रयोग उजळणीला घेत होते. परागांच्या प्रयोगाशी ते आले. फुलाचे पराग साखरेच्या पाण्यात ठेवले की प्रत्येक कणाला एक बारीक नळी फुटते, तीच पुढे फुलाच्या पोटात बीजांडापर्यंत जाते, असं सांगून त्यांनी फळ्यावर आकृती काढली आणि म्हणाले की ही अशीच उतरवून घ्या, आपल्याकडे हा प्रयोग जमत नाही.

"काऊन जमत नाही, सर?" दिव्याने मागच्या बाकावरून विचारलं.

सर हसून म्हणाले, की जमत नाही एवढंच त्यांना ठाऊक आहे. काऊन ते तिनेच शोधावं. मधल्या सुट्टीत मायक्रोस्कोप वापरायला मिळेल, फक्त तो स्वतःच्या हाताने पुसून कपाटात ठेवायचा. चांगला मायक्रोस्कोप कॉलेजात एकच होता.

साक्षीला हे मुळीच आवडलं नाही. "परीक्षा आली वं डोक्यावर," ती दिव्याला म्हणाली. "आकृती येते ना आपल्याले. पाहून काय करतेस?"

"तुले येते. मले पाहिल्याशिवाय येत नाही."

आता जोडीदारालाच येत नसेल तर काय करणार? साक्षी नाइलाजाने तिच्यासोबत गेली.

फाटकाजवळ सदाफुली बारमाही फुललेली असे. शिपायाच्या चहाच्या डब्यातून चमचाभर साखर मिळाली. दिव्याने ब्लेडने फुलाची पाकळ्यांखालची बारीक दांडी उभी चिरली, आतली पिवळसर पूड सुईने काचेवर झटकली, वर साखरपाण्याचा थेंब सोडला. वीज गेलेली होती, म्हणून दोघींनी मायक्रोस्कोप उचलून व्हरांड्यात आणला आणि त्याचा आरसा उजेडाकडे फिरवला.

डोळा आधी साक्षीने लावला. सवयीने मान डोलवायला निघाली आणि मान तिथेच राहिली. काचेवर गोल गोल, काठ उजळलेले कण पसरले होते. ती पाहत असतानाच त्यातला एक फट्‌दिशी फुटला आणि त्याच्या पोटातलं सगळं धुरासारखं बाहेर सांडलं. मग शेजारचा फुटला. मग आणखी एक.

"हे फुटून राहिले," ती डोळा न काढता म्हणाली. पुस्तकात असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिव्याने साखर वाढवली, पार पाकच केला. तेव्हा कण फुटले नाहीत, पण वाळल्या बोरासारखे आक्रसून बसले. दिव्या कपाळाला हात लावून बसली. साक्षीच्या डोक्यात मात्र एकदम काहीतरी उजळलं. पाणी पातळाकडून घट्टाकडे जातं. काल पाणी आत शिरलं म्हणून कण फुटले, आज बाहेर ओढलं गेलं म्हणून आक्रसले. अकरावीपासून ती ही व्याख्या घोकत होती, परीक्षेत तिच्यावर पैकीच्या पैकी गुण घेत होती, आणि ती व्याख्या एका थेंबात जिवंत घडताना ती आज पाहत होती.

"परासरण होय वं हे," ती दिव्याचा दंड धरून म्हणाली. "दोन्हीच्या मधात कुठंतरी साखर पाहिजे."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीची वाट साक्षीच जास्त पाहू लागली. मधली साखर सापडली. कण फुटत नव्हते, आक्रसतही नव्हते. पण नळीही फुटत नव्हती. नुसते बसून राहायचे. सरांनी एक जुनं जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. त्यात साखरेसोबत किंचित बोरिक ॲसिडही सांगितलं होतं. कपाटातली बाटली उघडली तर रिकामी. गोंदियाहून मागवावं तर तोवर परीक्षा होऊन जाणार. सर म्हणाले की इथवर आलात तेच पुष्कळ झालं, आता बाकीची उजळणी करा.

रविवारी दुपारी साक्षी अंगणात बाकीची उजळणी करत बसली होती. पलीकडे समाजमंदिराच्या ओट्यावर तिचा मोठा भाऊ राजदीप आणि त्याचे मित्र कॅरम खेळत होते. राजदीपने तिथूनच हाक दिली की घरातलं बोरिकचं पाकीट आणून दे, सोंगट्या अडकून राहिल्या. साक्षी पुस्तकातून नजर न काढता उठली, फळीवरचं पाकीट घेतलं आणि उंबऱ्यातच थबकली. पाकीट डोळ्यांजवळ नेऊन तिने त्यावरची बारीक छपाई वाचली. मग पुन्हा वाचली. लहानपणापासून रोज कानांवर पडणारा तो शब्द आणि सरांच्या जाडजूड पुस्तकातला शब्द एकच होता.

राजदीपने आणखी दोन हाका मारल्या. शेवटी तो स्वतःच आला, तर पाकीट साक्षीच्या दप्तरात गेलेलं. तिने धाप लागल्यागत सगळं सांगितलं. त्याला परागांचं काही कळलं नाही, पण बहिणीचा चेहरा कळला. "घेऊन जा," तो म्हणाला. "पण खेळाची पावडर होय ते. वर्गात हसतीन तुले."

कोणी हसलं नाही. सरांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि स्वतःच दोघींसोबत व्हरांड्यात आले. पहिल्यांदा चिमूटभर टाकली तर काहीच झालं नाही. सर म्हणाले, जास्त झाली असेल. मग तेच पाणी पातळ केलं, पुन्हा केलं, आणखी केलं. सकाळी उमललेली ताजी फुलं दिव्याने शोधून आणली. काच लावली आणि तिघं थांबले.

साक्षी पाहत होती. एका कणाच्या काठाला फुगवटा आला. तिला आधी वाटलं, आपलाच डोळा थकला असेल. फुगवटा लांबला. त्याची बोटासारखी नळी झाली, आत बारीक ठिपके वाहताना दिसू लागले, आणि नळी पुढे सरकत राहिली, जणू तिला कुठे जायचं ते ठाऊक होतं. शेजारच्या कणालाही फुटवा आला. ती बाजूला झाली आणि तिने दिव्याला पुढे ढकललं.

दिव्याने डोळा लावला. "चालून राहिली वं," एवढंच मग हलक्या आवाजात म्हणाली.

सर वाकले. चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाकले. "कॉलेजात होतो तवापासून ही आकृती काढून राहिलो मी," ते सरळ होत म्हणाले. "पाहिली आज."

त्यानंतर व्हरांड्यात रांग लागली. बारावीची पोरं झाली, अकरावीची झाली, साखर देणारा शिपाई झाला, इतिहासाच्या मॅडमही येऊन पाहून गेल्या. साक्षी प्रत्येकाला सांगत होती की आरसा हलवू नका, श्वास काचेवर सोडू नका. रांग सरल्यावर ती वही घेऊन बसली. पुस्तकातली नळी सरळ होती. ही वाकडी, मध्येच वळलेली. तिने सरांना विचारलं, वाकडी काढली तर गुण कापतील का. सर म्हणाले, दिसते तशीच काढ, बाकीचं मी पाहून घेईन.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक मॅडम आल्या. प्रयोगांच्या चिठ्ठ्या उचलल्या तेव्हा परागांचा प्रयोग दिव्याला निघाला. साक्षीला निघाला मातीचा: नरसाळ्यातल्या मातीत पाणी ओतायचं आणि माती किती पाणी धरून ठेवते ते मोजायचं. सोपा, पाठ असलेला. पण साक्षीचं लक्ष आपल्या नरसाळ्याकडे नव्हतंच. मॅडम टेबलामागून टेबल करत येत होत्या आणि दिव्या मायक्रोस्कोपवर वाकलेली, अजून मान वर करत नव्हती. साखर जास्त पडली काय? फूल कालचं तर नाही?

दिव्याने मान वर केली. साक्षीकडे पाहिलं आणि हसली.

मॅडम येऊन मायक्रोस्कोपशी वाकल्या, त्या वाकूनच राहिल्या. मग त्यांनी एक खुर्ची मागवून घेतली. दिव्याला त्या प्रश्न विचारत होत्या आणि दिव्या, जिला चार ओळी पाठ होत नसत, ती फुटलेल्या कणांचं, आक्रसलेल्या कणांचं, कॅरमच्या पावडरीचं हात हलवत सांगत होती. साक्षी तो सगळा संवाद कान देऊन ऐकत राहिली. भानावर आली तेव्हा न मोजता ओतत राहिलेलं पाणी तिच्या मातीतून गळून भांड्यातून ओसंडून टेबलावर पसरलं होतं, मोजायला काही उरलं नव्हतं. वेळ संपत आलेली. तिने उत्तरपत्रिकेत खरं तेच लिहिलं, की मोजमाप चुकलं. पाठ असलेला आकडा ती सहज लिहू शकली असती.

दिव्याला पैकीच्या पैकी पडणार हे उघड होतं, साक्षीचे कापले जाणार हेही. घरी निघाल्यावर बांधाच्या वळणापर्यंत साक्षी त्याची हळहळ करत होती. मग दिव्याने सायकल थांबवली. रस्त्याकडेला पळस नुकताच पेटू लागला होता.

"याचे पराग मोठे असतीन काय?" दिव्याने विचारलं.

साक्षी म्हणाली की लेखी पेपर आला आहे, सर आता मायक्रोस्कोप देणार नाहीत, आणि पळसाला साखर किती लागते तेही कोणाला ठाऊक नाही. हे सगळं म्हणत म्हणत तिने आपली सायकल झाडाला टेकवली आणि खालची फांदी वाकवून धरली.