अकरा वीसच्या गप्पा

अठरा दिवस मी सुधन्वाच्या ठोक्यांचं कौतुक करत होते. माझा नवरा मेट्रोच्या जिन्यावरून डोक्यावर पडला, मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून तो गाझियाबादच्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर बेशुद्ध पडून आहे. फोनवर कुणी विचारलं की मी सांगायचे, "ब्याऐंशी आहेत. अगदी घड्याळासारखे." दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

गुरुवारी दुपारी डॉक्टर सेठींनी मला आणि माझ्या दिराला, जयेशला, सुधन्वाच्या खाटेपाशी बोलावून घेतलं आणि या कौतुकावर पाणी फिरवलं.

"मॅडम, घड़ी जैसी धड़कन अच्छी नहीं होती."

धडधाकट माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणे सतत कमी-जास्त होत असतं, कारण मेंदू हृदयाला सारखं काही ना काही सांगत असतो. अंतर एकसारखं होत गेलं, तर वरून सांगणारं कुणी उरलं नसण्याची शक्यता असते. हीच बातमी मी सगळ्या नातेवाइकांना खुशालीची म्हणून वाटली होती.

मग त्यांनी स्क्रीनवर एक रेघ दाखवली. ती ठोक्यांची नव्हती, ठोक्यांमधल्या फरकाची होती. पंधरा दिवस जवळजवळ सपाट. मंगळवारी अकरा वीसला ती हलली. बुधवारी त्याच वेळी पुन्हा. आज सकाळीही.

"इस टाइम होता क्या है?" त्यांनी सिस्टरची नोंदवही आधीच पाहिली होती. नळी दहाला साफ करतात, कूस बाराला बदलतात. अकरा ते साडेअकरा फक्त भेटायची वेळ. म्हणजे मी आणि जयेश.

"आप लोग क्या बातें करते हैं?"

जयेश माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"घर की," मी म्हणाले.

दिल्लीकडे वीस वर्षं काढलेल्या मराठी घरांना एक वाईट खोड लागते. चारचौघांत जे लपवायचं ते मराठीत बोलायचं. भाजीवाल्यापुढे, लिफ्टमध्ये, शेजारणीच्या तोंडावरसुद्धा. कुणाला काही कळत नाही, ही खात्री अंगात मुरून जाते. त्याच खात्रीने आम्ही सुधन्वाच्या उशाशी उभं राहून, सिस्टर शेजारी असताना, बिनदिक्कत सगळं ठरवत होतो. मराठी कळणारा तिसरा माणूस त्या खोलीत होता, आणि त्याला आम्ही दोघांनी धरलंच नव्हतं.

मंगळवारी जयेश म्हणाला होता, "वहिनी, दादा यात नाहीये आता. मशीन काढायला सांगू आणि घरी नेऊ." घरी नेणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बुधवारी मी लेकीचा विचार करून म्हणाले, "मग शुक्रवारी करू. मैत्रेयीची परीक्षा गुरुवारी संपतेय." आणि आज सकाळी, पाठ दुखत होती, झोप नव्हती, मी म्हणाले, "सुटेल बिचारा. मीही सुटेन."

डॉक्टर खुशीत होते. "जो भी बोलते हैं, बोलते रहिए. खुशी है या घबराहट, ये मशीन नहीं बताती. मैं वादा नहीं करता, पर शायद अंदर कोई सुन रहा है. चलिए, मेरे सामने बोलिए, वही बातें."

वही बातें. जयेश "मी चहा घेऊन येतो" म्हणत सटकला. भित्रा कुठला. मलाही जमलं असतं तर मीही गेले असते.

मी सुधन्वाच्या कानाशी वाकले.

"सुधन्वा, तू ऐकलंस का रे सगळं?"

रेघ खाली गेली आणि मग एकदम वर चढली.

"बहुत बढ़िया. और बोलिए."

"उद्या तुला कुठेही न्यायचं नाही," मी म्हणाले. "मशीनला कुणी हात लावणार नाही. जयेशला मी सांगते. मी इथेच बसणार आहे. ऐकतोयस ना?" ज्या आवाजात सकाळी सुटायचं बोलले, त्याच आवाजात मी आता शपथा घेत होते. त्याने कोणत्या आवाजावर विश्वास ठेवायचा? मी पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. रेघ शांत होईना.

"देखिए, कितने खुश हैं," डॉक्टर म्हणाले.

मी मान हलवली. रोज मी देवाजवळ एकच मागत होते, याने डोळे उघडावेत. आता त्याचा हात धरून, त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत, मी घाबरून मनातल्या मनात म्हणत होते, आत्ता नको. मी समोर असताना नको.