बाळंतिणीच्या खोलीतला कूलर

मी बोलतोय, खुर्सीपार या कामगार वस्तीतल्या एका घराच्या आतल्या खोलीतला कूलर. एरवी माझी घरघर तिसऱ्या घरापर्यंत जाते. पण त्यासाठी कुणीतरी बटण दाबायला हवं. मला हात नाहीत.

पॉवर हाउस नावाच्या बाजारात, एका पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. तीन बाजूंना गवत, पोटात पाण्याची टाकी, पुढे पंखा. अंकुरने मला रिक्षावर बसवून घरी आणलं. तो पोलादाच्या प्लांटमध्ये ठेक्यावर काम करतो, भट्टीजवळ. घरी त्याची आई नलूबाई आणि बायको रेणू. पहिल्या वर्षी मला एप्रिलात बाहेर काढलं होतं. आता होळीच्या आधीच माझ्यावरचं पोतं सोडावं लागतं. उन्हाळा किती वाढलाय, ते मला विचारा.

यंदा ऐन मे महिन्यात रेणूला मुलगी झाली. दोघींची खाट माझ्यासमोरच टाकली. मी खूश! टाकी काठोकाठ भरलेली, गवत नवंकोरं. पण नलूबाईंनी खिडकीला चादर लावली, रेणूचे कान बांधले, पोरीला लोकरीचं टोपडं घातलं, खाटेखाली शेगडी सरकवली आणि माझा प्लग काढून ठेवला.

"आई, लय गरम होऊन राहिलं. थोडासा कूलर लावा ना."

"बाळंतिणीले वारा लागला का जल्मभर हाडं दुखतात. अंकुरच्या वक्ताले मी सव्वा महिना शेगडीवर काढला. काही झालं का मले?"

अंकुर पौषातला आहे. मला पक्कं ठाऊक, कारण त्याच्या वाढदिवसाला मी पोत्यात असतो. थंडीतली शेगडी बाईंनी मे महिन्यात आणली होती. हे ओरडून सांगावंसं वाटत होतं.

नलूबाई दुष्ट नव्हत्या हो. त्याच उकाड्यात बसून त्या नातीचं अंग चोळायच्या, स्वतः घामाने निथळायच्या. पण पाण्याने पोट सुटतं म्हणून रेणूला दिवसाला दोनच गिलास पाणी. माझ्या पोटात चाळीस लिटर नुसतंच पडून होतं. रेणूचं दूध आटत चाललं. पोर रडरड रडायची.

सातव्या दिवशी मितानिन आली, वस्तीतल्या बाळंतिणींची विचारपूस करणारी कमला. आत पाऊल टाकताच तिने शेगडी बाहेर काढली, टोपडं उतरवलं, माझा प्लग लावला. "अम्मा, ये कमरा है कि भट्टी? बहू को पानी दो, बच्ची को बार-बार दूध पिलाओ."

मी चाललो! पोरीचं रडणं थांबलं, तिने मूठ उघडली. दहा मिनिटं, फार तर पंधरा. कमला गल्लीच्या वळणावर गेली असेल नसेल, बटण बंद झालं.

"सरकारी लोकायचं काय जाते बोलाले," नलूबाई म्हणाल्या.

दहाव्या दिवशी पोर रडेनाशी झाली. दूधही ओढेना. "आता आराम पडला तिले," म्हणत नलूबाईंनी तिला दुपट्यात आणखी घट्ट गुंडाळलं. माझ्या पत्र्याला तिच्या अंगाची धग जाणवत होती आणि मी मुका उभा होतो. अंकुर रात्रपाळीवरून आला, त्याने कपाळाला हात लावला आणि तिला घेऊन तसाच दवाखान्यात धावला.

दुपारी तो रिकाम्या हातांनी परतला. उशीर झाला होता. दोन दिवसांनी बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणसं बसायला आली. खोली भरली. कुणीतरी म्हणालं, "लय उकडून राहिलं." नलूबाई खाली मान घालून उठल्या आणि त्यांनी माझं बटण दाबलं. मी जोरात चाललो. मला फार लाज वाटली, पण मला थांबता येत नाही.

रेणू भिंतीला टेकून बसली होती, कान अजून बांधलेलेच. ती उठली. तिने बटण बंद केलं.

"आता कायले?" सासूकडे बघून ती एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी बंदच आहे.

भिंतीपलीकडे राहणाऱ्या मोनाला नववा महिना लागलाय. तिच्या सासूने काल शेगडी घासून उन्हात ठेवली. मोनाच्या खोलीतही एक कूलर आहे. त्यालाही हात नाहीत. तुम्हाला आहेत ना हो?